मिस वॉर्डचं इंग्रजी, जुबेदाचं हैदराबाद

माझ्या इंग्रजीच्या वहीला दोन तोंडं आहेत. पुढून मिस वॉर्डनी दिलेली वाक्यं, आणि वही उलटी करून मागून मी टिपून ठेवलेल्या गोष्टी. सुरुवातीला मागच्या बाजूला दोनच पानं भरली होती. पण मिस वॉर्ड, जुबेदा आणि मी एका ठिकाणी बसलो की काहीतरी व्हायचंच, आणि मी फारशी बोलत नसल्यामुळे ते सगळं माझ्याकडं साठायचं. आता मागची बाजू पुढच्या बाजूला येऊन भिडली आहे. मधे एकही कोरं पान उरलेलं नाही. म्हणून म्हटलं, नवी वही शिवण्याआधी तुम्हाला थोडं सांगून टाकावं.

आधी कोण कोण ते सांगते. मी कमल. आमचं घर मूळचं मुरुमचं, पण वडिलांचं कापडाचं दुकान उमरग्यात, म्हणून आम्ही उमरग्यात. जुबेदाचे अब्बा तहसीलीत पेशकार आहेत, म्हणजे तहसीलदारांपुढं कागद ठेवणारे. सगळं गाव त्यांना पेशकारसाहेब म्हणतं. जुबेदा आणि मी पहिल्यापासून एका बाकावर. ती तिच्या दखनीत बोलते, मी मराठीत. कुणी कुणाची भाषा शिकली नाही आणि कधी काही अडलं नाही.

मिस वॉर्ड म्हणजे हैदराबादच्या रस्त्यावर नवा पूल बांधायला आलेल्या इंजिनियरसाहेबांची बहीण. विलायतेत लढाई चालू, परत जायला बोट नाही, म्हणून त्या भावाबरोबर बंगल्यावर राहायच्या. बसून बसून कंटाळा आला तेव्हा त्यांनी आमच्या शाळेत आठवड्यातून तीन दिवस इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. वय पंचविशीचं, नाक उन्हानं कायम लाल.

आमच्या शाळेत मुलींना आठवीच्या पुढं वर्ग नाही. जुबेदाला हैदराबादला बोर्डिंगच्या शाळेत जायचं होतं आणि पुढं डॉक्टरीण व्हायचं होतं. त्यासाठी दोन गोष्टी लागणार होत्या. तिथल्या बाई येऊन इंग्रजीत तोंडी परीक्षा घेणार, त्यात पास व्हायचं. आणि अब्बांनी हो म्हणायचं. तिच्या घराण्यात आठवीच्या पुढं एकही मुलगी गेली नव्हती. खरं तर आठवीपर्यंतसुद्धा जुबेदाच पहिली.

* * *

मिस वॉर्डचा पहिला तास. आम्हाला जुन्या मास्तरांनी इंग्रजी पत्रलेखनाच्या पुस्तकातून शिकवलेलं. मिस वॉर्डनी पहिल्या बाकावरच्या मुलीला हसून विचारलं, कशी आहेस?

ती उभी राहिली, हात बांधले आणि घडाघडा म्हणाली की ईश्वरकृपेनं मी खुशाल आहे, आपलीही खुशाली कळवावी, आणि घरातल्या थोरांना माझा नमस्कार सांगावा. दुसरी उठली, तिनंही तेच म्हटलं. आम्ही अकराजणी होतो. अकरा वेळा तेच झालं. माझा नंबर नववा. माझ्या तोंडून नमस्काराचं वाक्य निघालंच नाही, मी खुशालीवरच बसले.

दुसरं कुणी असतं तर तिसऱ्या मुलीला थांबवून हसलं असतं. मिस वॉर्डनी अकराहीजणींना वेगवेगळं उत्तर दिलं. एकीला सांगितलं माझं डोकं थोडं दुखतं आहे, एकीला सांगितलं काल झोप चांगली लागली, मला म्हणाल्या, मलासुद्धा नव्या माणसांची भीती वाटते. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही सगळ्याजणी पुस्तकासारखं छान बोलता. आता माणसांसारखं शिकू या."

पुढच्या आठवड्यात त्यांनी आमच्याशी मुन्शीकडून शिकलेली उर्दू बोलून दाखवली. जुबेदा माझ्या कानात म्हणाली, "ये तो फर्मान पढरी!" तेव्हापासून आम्हाला त्यांच्यापुढं चुकायची लाज वाटेनाशी झाली.

* * *

एका सोमवारी मिस वॉर्डनी जुबेदाला आणि मला शनिवारी चार वाजता बंगल्यावर चहाला बोलावलं.

घरी सांगितलं तर आत्या म्हणाली, "एवढ्या दूर बोलावलं अन् तुमालाच? आमाला न्हाय?" तिला तो अपमान वाटला. मग आत्या निघाली, तिच्याबरोबर शेजारच्या दोघी निघाल्या. तिकडं जुबेदाची आई, जिला मी खाला म्हणते, ती तिच्या दोन नणंदा आणि तीन लहानग्यांना घेऊन पडदा लावलेल्या छकड्यातून निघाली. उन्हं चढायच्या आत निघावं की उतरल्यावर, यावर वाद होऊन सगळे दोन वाजताच बंगल्यावर पोचलो. अकरा माणसं.

मिस वॉर्ड केस धुऊन व्हरांड्यात वाळवत बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडं बघितलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. क्षणभरच. मग ओल्या केसांनीच उठल्या आणि म्हणाल्या, या, या.

कप होते चार. बाकीच्यांना चहा पेल्यांत, बरण्यांत आणि फुलदाणीत मिळाला. खालाला इंजिनियरसाहेबांचा दाढीचा मग आला. तिनं तो फार आवडीनं धरला, कारण सगळ्यांत मोठा तोच होता. आत्याला बाहेरचं चालत नाही, ती स्वतःचा तांब्या घेऊन आली होती. चहा न घेताही तिनं बंगल्याची प्रत्येक खोली बघून घेतली.

मग बायकांनी गप्पा सुरू केल्या. मिस वॉर्डना विचारलं, वय काय, लग्न का नाही, कुणी दाखवायला आणलं होतं का, त्याच्यात काय खोट निघाली. जुबेदा सगळं इंग्रजीत करून सांगत होती. तिची त्या दुपारी जेवढी प्रॅक्टिस झाली तेवढी महिन्यात झाली नव्हती. मिस वॉर्डचं नाक आणखी लाल होत गेलं, पण त्यांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं.

सोमवारी वर्गात त्या आम्हा दोघींना म्हणाल्या, की आमच्याकडं दहा वर्षांची मैत्रीण असली तरी हे प्रश्न विचारत नाहीत.

जुबेदानं विचारलं, "मग दहा वर्षं बोलता काय?"

त्यांनी विचार केला आणि खरं ते सांगितलं. "हवामानाबद्दल."

उमरग्यात आठ महिने एकच हवामान असतं. जुबेदा मला नंतर म्हणाली, "बिचारी. उनो इधर किससे क्या बोलेंगी?"

* * *

माझी आणि जुबेदाची अबोला धरण्याची एकच वेळ आली, तीही इंग्रजीमुळं.

मिस वॉर्डनी शिकवलं होतं की कुणी छोटीशी गोष्ट दिली तरी थँक्यू म्हणायचं. मीठ सरकवलं तरी. दार धरलं तरी. मला हे आवडलं. मी लाजरी आहे, आणि ज्या वेळी काय बोलावं कळत नाही त्या वेळी म्हणायला एक तयार शब्द मिळाला.

दुपारच्या सुट्टीत जुबेदानं तिच्या डब्यातली अर्धी रोटी मोडून वहीच्या कागदावर माझ्यापुढं ठेवली, जशी रोज ठेवते. (आत्याला हे माहीत नाही. तुम्हीही सांगू नका.) मी म्हटलं, "थँक्यू."

तिनं हात मागं घेतला. "मेरेकू बोली? मैं क्या परायी हूँ?"

मी पुन्हा थँक्यू म्हणून समजूत घालायला गेले, तर ती बाक सोडून गेली. दोन दिवस ती खिडकीजवळ बसली आणि मी एकटी. तिसऱ्या दिवशी मिस वॉर्डनी विचारलं, मी तर सांगणार नाहीच, पण जुबेदा उभी राहून म्हणाली, की कमलनं मला पाहुण्यासारखं केलं.

मिस वॉर्डनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या शाळेत एकदा त्या थँक्यू म्हणायला विसरल्या, तर त्यांची मैत्रीण त्यांच्याशी आठवडाभर बोलली नव्हती. आणि त्यांना वाटत होतं की जगात सगळीकडं असंच असतं. "इतक्या लांब यावं लागलं मला हे कळायला," असं त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी वाईट वाटून म्हटलं नाही, काहीतरी मिळाल्यासारखं म्हटलं.

शेवटी तोडगा जुबेदानंच काढला. थँक्यू तोंडी परीक्षेच्या बाईंना म्हणायचं, इंजिनियरसाहेबांना म्हणायचं, मिस वॉर्डना वर्गात म्हणायचं. मधल्या सुट्टीत मिस वॉर्डना नाही.

त्या दिवसापासून मिस वॉर्ड मधल्या सुट्टीत आमच्या बाकावर येऊन बसायला लागल्या.

* * *

इंजिनियरसाहेब फार कमी बोलायचे. सकाळी पुलावर जाताना बहिणीला एक शब्द, संध्याकाळी एक. जुबेदा म्हणायची की कमल विलायतेत जन्मली असती तर अशी झाली असती.

आमच्यात घरातून निघताना कुणी "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आम्ही मिस वॉर्डकडून निघताना इंग्रजीतही तेच म्हणायचो. त्या बिचाऱ्या महिनाभर दार उघडं ठेवून आमची वाट बघायच्या. येतो म्हणून आम्ही पुन्हा येतच नाही, म्हणजे काहीतरी अडलं असेल, असं त्यांना वाटायचं. शेवटी एकदा त्यांनी विचारलं आणि मी, मी स्वतः, उत्तर दिलं. की निघणाऱ्या माणसानं परत यावं असं घराला वाटतं, म्हणून तो जायचा शब्द काढत नाही.

मिस वॉर्डचा धाकटा भाऊ लढाईवर होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही सकाळीच बंगल्यावर पुस्तक परत करायला गेलो. इंजिनियरसाहेब टोपी घालून पायऱ्या उतरत होते. मिस वॉर्ड दारात उभ्या राहून नुसत्या त्यांच्याकडं बघत होत्या. साहेब दोन पायऱ्या उतरले, थांबले, मान न वळवता म्हणाले, "येतो."

आणि आम्हाला बघून इतके लाजले की छत्री विसरून गेले.

* * *

तोंडी परीक्षेसाठी हैदराबादच्या बाई मोटारीनं आल्या. जाड चष्मा, पांढरी साडी. हेडबाईंच्या खोलीत टेबल मांडलं.

जुबेदाला पाठ केलेलं सगळं येत होतं, पण मिस वॉर्डनी बजावलं होतं की पाठ केलेलं म्हणू नकोस, कमलशी बोलतेस तसं बोल. तर जुबेदानं सरळ बाईंना विचारलं, कमलला इथं उभं करू का? बाईंना नवल वाटलं, पण त्यांनी परवानगी दिली. मला ओढून आणून बाईंच्या खुर्चीमागं भिंतीला टेकवून उभं केलं. मला वाटत होतं भिंतीनं मला आत घ्यावं.

बाईंनी विचारलं, तुझ्या मैत्रिणीबद्दल सांग.

जुबेदानं बाईंच्या डोक्यावरून माझ्याकडं बघितलं आणि सुरू झाली. मला सगळंच आठवत नाही, पण शेवट आठवतो. ती इंग्रजीत म्हणाली, "कमल बोलत नाही, त्यामुळे मला दोघींचं बोलावं लागतं. म्हणून माझं इंग्रजी चांगलं आहे. पण काय बोलायचं ते तिलाच कळतं. म्हणून ती नसेल तर माझं काही खरं नाही."

बाईंनी चष्मा काढला, मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं की हे खरं आहे का.

मी म्हटलं, "नो, मॅडम."

परीक्षेत मी बोललेलं तेवढंच. जुबेदा पास झाली.

* * *

राहिली दुसरी गोष्ट.

मिस वॉर्ड पेशकारसाहेबांच्या घरी गेल्या तेव्हा मी आत, पडद्यामागं, खाला आणि जुबेदाजवळ बसले होते. पेशकारसाहेबांनी त्यांना बैठकीत खुर्ची दिली, स्वतः तक्क्याला टेकून बसले. फार अदबीचा माणूस. मिस वॉर्डनी विलायती पद्धतीनं सुरुवात केली, म्हणजे आधी घराचं कौतुक. छताला टांगलेली दिव्याची बिलोरी हंडी किती सुंदर आहे. खालची सतरंजी किती छान आहे. पिंजऱ्यातला पोपट किती हुशार दिसतो. प्रत्येक वेळी पेशकारसाहेब छातीला हात लावून म्हणायचे, "आप ही का है."

मग मिस वॉर्डनी जुबेदाचा विषय काढला. परीक्षा पास झाली आहे, जागा राखून ठेवली आहे, मी स्वतः तिला बसनं हैदराबादला पोचवीन, दर महिन्याला जाऊन बघून येईन.

पेशकारसाहेब म्हणाले, "सोचेंगे, इन्शाअल्ला."

मिस वॉर्ड आनंदानं उठल्या. आम्हाला भेटायला आत आल्या तर जुबेदा खालाच्या मांडीत तोंड घालून रडत होती. त्यांना काही समजेना. त्या म्हणाल्या, ते विचार करतो म्हणाले ना? मग खालानं त्यांना सांगितलं की साहेब ज्या गोष्टीचा खरंच विचार करतात ती बोलून दाखवत नाहीत. सोचेंगे म्हणजे नाही. तोंडावर नाही म्हणणं त्यांना जमत नाही, म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तहसीलीचा चपराशी बंगल्यावर गेला. एका हातात हंडी, काखेत सतरंजीची गुंडाळी, दुसऱ्या हातात पिंजरा.

मिस वॉर्ड तशाच शाळेत आल्या. हे काय आहे, मी कधी मागितलं? जुबेदाचे डोळे अजून सुजलेले होते, तरी तिला हसू आलं. तिनं समजावलं की पाहुण्यानं एखादी वस्तू आवडली म्हटलं आणि ती घरातच राहिली, तर अब्बांना रात्री झोप लागत नाही. तिच्या दादांनी, म्हणजे आजोबांनी, अशीच एक घोडी जळकोटच्या पाहुण्याला देऊन टाकली होती, आणि स्वतः पायी घरी आले होते. परत पाठवता येईल का, असं मिस वॉर्डनी विचारलं. जुबेदा म्हणाली, तसं केलंत तर अब्बा तुमच्याशी पुन्हा बोलणार नाहीत.

मिस वॉर्डनी पुन्हा पुन्हा विचारलं. कुठलीही वस्तू? कितीही जुनी? घरातली सगळ्यांत लाडकी असली तरी? जुबेदा म्हणाली, "लाडकी हो तो और भी."

बस शुक्रवारी होती. गुरुवारी मिस वॉर्ड पुन्हा आल्या. आम्ही पडद्यामागं. या वेळी त्या खाली मान घालून बसल्या. पेशकारसाहेबांच्या नव्या शेरवानीबद्दल एक शब्द नाही, अंगणातल्या गुलाबाबद्दल नाही. हवामानाबद्दल बोलल्या. ऊन फार आहे म्हणाल्या. पेशकारसाहेबही म्हणाले, फार आहे. त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसत होता. मिस वॉर्ड उठायच्या बेतात आल्या तेव्हा पेशकारसाहेबांनी पान आणायला आवाज दिला.

पानाचं तबक घेऊन जुबेदा गेली. डोक्यावरून ओढणी, डोळे खाली.

पेशकारसाहेबांनी पान उचललं, मिस वॉर्डनी घेतलं नाही. उभ्या राहिल्या. जुबेदाकडं बघितलं, बराच वेळ, जसं आपण दुकानात एखादी गोष्ट घ्यायची की नाही असं बघतो तसं मुळीच नाही. मग पेशकारसाहेबांकडं वळल्या आणि मुन्शीनं शिकवलेल्या त्यांच्या फर्मानी उर्दूत, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या,

"पेशकारसाहब, आपकी बेटी मुझे बहुत पसंद आई."

खालानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की माझ्या दोन बांगड्या फुटल्या. पेशकारसाहेबांनी आधी छताकडं बघितलं, जिथं हंडीचा आकडा रिकामा होता. मग मिस वॉर्डकडं. मग जुबेदाकडं, आणि तिच्याकडं ते फार वेळ बघत राहिले. हातातलं पान त्यांनी तबकात परत ठेवलं. टोपी सरळ केली. हात छातीकडं नेला.

"आप ही की है," ते म्हणाले.

आणि पडद्याकडं तोंड करून, जरा घोगऱ्या आवाजात, खालाला म्हणाले, "सुनती हो, ट्रंक निकालो."